सोनं आधी, गोष्ट नंतर: दागिन्यातले धातू आणि सणाच्या भेटी कुठून आल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की सणाला, लग्नाला सोनं-चांदीच द्यायची ही पद्धत जगात कुणी आणि कधी सुरू केली, दागिन्यांना हेच धातू का निवडले, डाव्या हाताच्या चौथ्या बोटाची शीर थेट हृदयाला जाते म्हणून इजिप्तवाले तिथे अंगठी घालायचे हे खरं का, आणि जाताजाता, प्लॅटिनम हे नुसतं फॅड आहे का. चार प्रश्न आहेत, उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मी ३० वर्षं भट्टी आणि ऐरणीपाशी बसलोय, पहिली दहा दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःचं काम, त्यामुळे धातू मला आधी मुशीतून कळला आणि पुस्तकातून नंतर. पण गिऱ्हाईक विचारतं, आणि उत्तर नाही आलं की लाज वाटते, म्हणून वाचनही बरंच झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो. "ही प्रथा कुणी सुरू केली" असं विचारलं की लोक लगेच एखादा राजा नाहीतर संत शोधायला लागतात, पण बहुतेक वेळा धातू जसा वागतो तशी प्रथा पडते आणि गोष्ट तिला मागाहून चिकटते. आणि धातू परवडेनासा झाला की प्रथा बंद पडत नाही, धातू बदलतो. पुढचं सगळं याच्याच भोवती आहे.

सोन्यापासून सुरू करू. बहुतेक धातू दगडात अडकलेले असतात, म्हणजे खनिज भाजा, कोळशाबरोबर भट्टीत घाला, भाता मारा, तेव्हा कुठे काहीतरी हाताला लागतं. सोन्याला यातलं काही लागत नाही. नदीच्या वाळूत ते सोनं म्हणूनच पडलेलं असतं, पिवळं, चमकणारं, हजारो वर्षं पाण्यात राहूनही तसंच. भट्टी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालाही ते सापडू शकत होतं आणि दोन दगडांमध्ये ठोकून त्याचा पत्रा करता येत होता. तांबंही कधीकधी असं शुद्ध सापडतं, तांब्याचे मणी तर सोन्याच्या मण्यांपेक्षा जुने आहेत, पण तांबं काळं-हिरवं पडतं. सोनं पडत नाही. आजीच्या अंगावरचं नातीच्या अंगावर तसंच दिसतं, आणि "टिकणारं" या कल्पनेला हात लावून बघायची वस्तू मिळाली ती इथे.

त्यात ते मऊ किती, तर १ ग्रॅम सोनं ठोकत गेलं तर साधारण १ चौरस मीटर वर्ख होतो आणि तेवढ्याच सोन्याची तार ओढत गेलं तर दोन किलोमीटरच्या वर जाते. शिकाऊ असताना मला हे खोटं वाटायचं. मग उस्तादांनी जंत्रीतून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, तार ओढायला बसवलं, भोकामागून भोक, दिवसभर, आणि संध्याकाळी विश्वास बसला, खांद्याला जरा जास्तच बसला.

जडपणाचं पण सांगायला हवं, कारण एक मोठी गोष्ट त्यातून निघालीय. सोन्याची घनता १९.३, म्हणजे पाण्याच्या १९ पटीहून जास्त, आणि वाळू साधारण २.६. त्यामुळे वाहत्या पाण्यात वाळू पुढे जाते आणि सोनं खाली बसतं. आजच्या जॉर्जियाच्या भागात, जुन्या काळी ज्याला कोल्चिस म्हणायचे, लोक ओढ्यात मेंढीचं केसाळ कातडं अंथरायचे, सोन्याचे कण लोकरीत अडकायचे, मग कातडं वाळवून झटकायचं. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने हे लिहून ठेवलंय आणि सोनेरी लोकरीची जी प्रसिद्ध ग्रीक कथा आहे तिचं मूळ यातच असावं असं तोच सुचवतो. म्हणजे आधी कातडं, मग वीरकथा. आमचे झारेकरी सोनाराच्या दुकानाबाहेरची माती धुऊन सोनं काढतात तेही हेच तत्त्व, फक्त त्यांच्यावर कुणी महाकाव्य लिहिलं नाही.

आता हे सोनं आलं कुठून? पृथ्वीवर तयार झालेलं नाही एवढं नक्की. इतकी जड मूलद्रव्यं बनायला भयानक काहीतरी घडावं लागतं, आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पकडल्या गेल्या, मग दुर्बिणींनी त्या स्फोटाचा उजेड तपासला तेव्हा त्यात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा आपल्या वाट्याचं बहुतेक सोनं लोखंडाबरोबर थेट गाभ्यात जाऊन बसलं, वरच्या कवचात सरासरी बघितलं तर एका टन दगडात जेमतेम काही मिलिग्रॅम. मग गरम पाण्याने खडकांच्या भेगांतून ते वर आणून गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये एकवटलं, डोंगर झिजले, नदीत आलं. माणसाने आजवर काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या थोडं वर आहे, एकत्र केलं तर २२ मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यात मावेल. बस, एवढंच.

सगळ्यात जुना मोठा साठा सापडला बल्गेरियात, काळ्या समुद्राकाठी वार्ना इथे. १९७२ मध्ये खोदकाम करणाऱ्या एका मशीन ऑपरेटरला पिवळे तुकडे दिसले आणि मग तिथे जवळपास ३०० कबरी निघाल्या, इ.स.पू. ४६०० ते ४३०० च्या आसपासच्या, म्हणजे पिरॅमिडच्या जवळपास दोन हजार वर्षं आधीच्या. सोन्याच्या वस्तू ३००० च्या आसपास, पण सगळ्यांचं वजन मिळून फक्त ६ किलो, आणि त्यातलं दीड किलो एकट्या ४३ नंबरच्या कबरीत, एका पुरुषाच्या अंगावर. बहुतेकांच्या कबरीत सोनं नाहीच किंवा एखादा मणी. मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटतं तर काही कबरींत माणूसच नाही, सांगाडा नाही, आणि तरी सोनं ठेवलंय. कुणासाठी तरी विधी करून धातू कायमचा जमिनीत घातला. तिथे लिपी नाही, देवांची नावं माहीत नाहीत, पण प्रसंग आला की सोनं द्यायचं हे दिसतंय. त्यामुळे कुणी सुरू केलं याचं उत्तर म्हणून मला कुणी नाव मागितलं तर मी देऊ शकत नाही, लिहिणं सुरू व्हायच्या आधीच ते सुरू झालेलं होतं.

चांदीची गोष्ट वेगळी आहे आणि लोक तिला उगाच सोन्याची धाकटी बहीण समजतात. चांदी शुद्ध स्वरूपात क्वचित सापडते, जुनी चांदी मुख्यतः शिशाच्या खनिजातून काढलेली. शिसं वितळवून हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवायचं, वरून हवा मारायची, शिशाचं ऑक्साइड होऊन राखेत शोषलं जातं आणि शेवटी वाटीच्या तळाशी चांदीचा एक गोल थेंब उरतो, शेवटच्या क्षणी तो एकदम लखकन उजळतो. हे पाहिलं नसेल तर एकदा तरी बघा. हीच पद्धत ५००० वर्षांहून जुनी आहे आणि आजही सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, वादातीत काढायचा असेल तर लॅबमध्ये अशीच आगीतली परीक्षा करतात, एक्सरे मशीन सगळीकडे आली तरी.

तर चांदीला डोकं लागतं, सोन्याला नशीब. म्हणूनच इजिप्तमध्ये सोनं भरपूर आणि चांदी दुर्मिळ, चांदी त्यांना बाहेरून आणावी लागायची. तुतनखामन या इजिप्तच्या राजाची सगळ्यात आतली शवपेटी सोन्याची, ११० किलोची, ती सगळ्यांना ठाऊक असते, पण तानिस इथे १९४० मध्ये सापडलेली पसुसेनीस पहिला या राजाची शवपेटी चांदीची आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. बातमी युद्धात हरवली बिचारी.

आणि मौल्यवान कशाला म्हणायचं हे पण काळावर आहे. तुतनखामनबरोबर एक लोखंडाचा खंजीर ठेवलेला होता, लोखंड! कारण खनिजातून लोखंड काढणं तेव्हा सर्रास नव्हतं आणि तो खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे, २०१६ च्या तपासणीत ते पक्कं झालं. त्याहून जुने, इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे, इजिप्तमधल्याच गेर्झे इथले लोखंडी मणी पण उल्केचे आहेत आणि ते सोन्याच्या मण्यांबरोबर ओवलेले होते. पुढे लोखंड स्वस्त झालं आणि गळ्यातून खाली उतरलं. ॲल्युमिनियमचं तर अजून मजेशीर. १८५० च्या दशकात ते इतकं महाग होतं की फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात त्याचे दागिने व्हायचे, सोन्यात जडवून. १८८६ मध्ये विजेने ते काढायची पद्धत निघाली, भाव कोसळला, आणि पुढे हा धातू सणात कुठे परत भेटतो ते खाली येईलच.

शुद्धतेबद्दल जरा सांगतो कारण कॅरेटवर नेहमी गोंधळ असतो. नदीतलं सोनं शुद्ध नसतं, त्यात चांदी असतेच, कधी कमी कधी भरपूर. आजच्या तुर्कस्तानात लिडिया नावाचं राज्य होतं, तिथे इ.स.पू. सातव्या शतकात अशा सोनं-चांदीच्या नैसर्गिक मिश्रणाची पहिली नाणी पाडली गेली. पण प्रत्येक नाण्यात सोनं किती हे कसं कळणार? मग सार्डिस या त्यांच्या राजधानीत सोन्याचे पातळ पत्रे मिठात दाबून मडक्यात दिवसेंदिवस तापवायचे, वितळू न देता, मिठातल्या क्लोरिनने चांदी खेचून घेतली जायची आणि सोनं उरायचं. तिथल्या भट्ट्या १९६८ मध्ये उत्खननात सापडल्यात. क्रोएसस राजाची श्रीमंती सगळ्यांना माहीत, त्याच्यामागे हे मीठ आहे.

कॅरेट शब्द ग्रीक केरातिऑन वरून आला, म्हणजे कॅरोब झाडाची बी, अरबीत किरात. सगळीकडे लिहिलेलं असतं की या बिया निसर्गतः एकसारख्या वजनाच्या असतात म्हणून वजनाला वापरल्या. असं काही नाही, मोजून बघितल्यात, इतर बियांइतकाच फरक पडतो, फक्त डोळ्याने निवडून फरक कमी करता येतो. मग २४ का? कॉन्स्टंटाईन या रोमन सम्राटाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं काढलं, त्याचं वजन बरोबर २४ बियांचं धरलेलं. म्हणजे २४ पैकी २४ बिया सोनं तर शुद्ध, २२ असेल तर दोन भाग दुसरं काहीतरी. म्हणून २२ कॅरेट म्हणजे ९१६, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम, तो १९०७ मध्ये ठरला, त्याची आणि याची गल्लत करू नका.

शिक्का मारायची पद्धत इंग्लंडमधून पसरली. पहिल्या एडवर्ड राजाने १३०० मध्ये कायदा केला की चांदी ९२५ च्या खाली नको आणि तपासून बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा. १४७८ पासून लंडनच्या सोनारांना माल त्यांच्या संघाच्या हॉलमध्ये नेऊन शिक्का मारून घ्यावा लागायला लागला, म्हणून हॉलमार्क. शब्द इतका साधा आहे. ९२५ का, तर शुद्ध चांदी इतकी मऊ की रोज वापरली तर वाकते, साडेसात टक्के तांबं घातलं की अंगात जरा ताठा येतो. पण तांबं घातलं की काळी पडायचं प्रमाणही वाढतं. चांदी हवेतल्या ऑक्सिजनने काळी होत नाही, गंधकाने होते. मी एकदा चांदीच्या तारेचं भेंडोळं रबरबँड लावून कपाटात ठेवलं, सहा महिन्यांनी काढलं तर बरोबर रबरबँडच्या रुंदीचा काळा पट्टा. रबरात गंधक असतं हे शाळेत शिकलो होतो, कळलं तेव्हा. ही गंधकाची गोष्ट लक्षात ठेवा, लागणार आहे.

आता सण.

वर्षाच्या सुरुवातीला भेट द्यायची ही युरोपातली पद्धत रोमन लोकांपर्यंत नीट मागे नेता येते. १७ डिसेंबरला त्यांचा सॅटर्नेलिया नावाचा सण सुरू व्हायचा, त्यात मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या द्यायचे, मालक गुलामांना जेवायला घालायचे. १ जानेवारीला वेगळी भेट असायची, तिला स्ट्रेने म्हणायचे. सुरुवातीला स्ट्रेनिया नावाच्या देवीच्या राईतल्या डहाळ्या, मग खजूर, अंजीर, मध, आणि मग नाणी. ओव्हिड हा कवी सुमारे २००० वर्षांपूर्वी यावर लिहून गेलाय, तो जेनस देवाला विचारतो की बाबा, गोड वस्तूंचं समजलं, वर्ष गोड जावं म्हणून, पण नाणी कशाला? तर देव हसतो आणि म्हणतो की पैशापेक्षा मध गोड वाटत असेल तर तुला तुझा जमाना कळलाच नाही. पुढे तो असंही म्हणतो की पूर्वी तांब्याचं नाणं द्यायचे, आता सोन्यात जास्त चांगला शकुन दिसतो लोकांना. बघा म्हणजे, २००० वर्षांपूर्वीच "पूर्वी साधं होतं, आता सगळं महाग झालं" ही कुरकुर चालू होती, आणि प्रथा तीच राहून धातू बदलला हे त्या माणसाने तिथेच नोंदवून ठेवलंय.

यात बादशहांनी पण हात धुऊन घेतले. ऑगस्टसला लोक १ जानेवारीला नाणी आणून द्यायचे, तो त्यातून देवांच्या मूर्ती घेऊन शहरात बसवायचा. टायबेरियसला या देवघेवीचा कंटाळा. आणि कॅलिगुला स्वतः वाड्याच्या दारात उभा राहून नाणी गोळा करायचा, लोक मुठी भरभरून, ओच्यात घेऊन येऊन त्याच्यापुढे ओतायचे. फ्रेंच लोक नव्या वर्षाच्या भेटीला किंवा बक्षिशीला आजही एत्रेन म्हणतात, तो शब्द या स्ट्रेनेवरूनच आलाय.

ख्रिसमसच्या भेटींसाठी लोक बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं सोनं, ऊद आणि गंधरस सांगतात. बायबलच्या गॉस्पेलमध्ये तीन वस्तू आहेत पण माणसं तीन होती असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते राजे होते असंही नाही, वस्तू मोजून माणसं ठरवली गेली नंतर. मला जास्त जवळची वाटते ती मायराच्या बिशप निकोलसची, म्हणजे मूळ सांताक्लॉजची, गोष्ट, त्याचा दिवस ६ डिसेंबर. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. जुन्या कथेत थैली खिडकीतून आत पडते, बस, वाळत घातलेल्या मोज्यात पडली हे फार नंतर जोडलं गेलं. चित्रकारांनी थैल्यांचे तीन सोन्याचे गोळे केले. आणि आता मुलांच्या मोज्यात काय असतं, तर सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी. ज्यू लोकांच्या हनुक्का सणालाही तसंच, गेल्ट म्हणजे यिडिश भाषेत पैसे, मुलांना आणि शिक्षकांना खरी नाणी द्यायची पद्धत, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत त्याचं चॉकलेट झालं. दोन वेगळे धर्म, वेगळे सण, शेवट एकाच सोनेरी कागदात.

चीनमध्ये नववर्षाला मुलांना तांब्याची भोकाची नाणी लाल दोऱ्यात ओवून द्यायचे, भूतबाधा होऊ नये म्हणून, कागदी नोटा आल्यावर दोऱ्याला काम उरलं नाही आणि लाल रंग लिफाफ्यावर गेला. तिथे मोल धातूपेक्षा रंगाला जास्त आहे, म्हणून धातू गेला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

ब्रिटिशांचं ख्रिसमस पुडिंग घ्या. त्यात चांदीचं सहा पेन्सचं नाणं शिजवायचं, ज्याच्या ताटात येईल त्याचं वर्ष चांगलं. १९२० मध्ये सरकारने नाण्यातली चांदी ९२५ वरून ५०० वर आणली, महायुद्धानंतर चांदी महागली होती, आणि १९४७ मध्ये चांदी पूर्णच काढून तांबं-निकेल केलं. शकुन मात्र चालू राहिला, काही घरांत जुनं चांदीचं नाणं जपून ठेवून दरवर्षी तेच टाकतात आणि जेवण झाल्यावर परत मागून घेतात, हा भाग मला फार आवडतो, नशीब एका दिवसाच्या बोलीवर. याच्या उलट उदाहरण म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा किंवा राणी वृद्धांना जी मॉन्डी नाणी देते ती. बाजारातली नाणी १९४७ मध्ये चांदीची राहिली नाहीत, पण नेमकं तेव्हाच ही दानाची नाणी मुद्दाम परत ९२५ ची केली. व्यवहारातून चांदी गेली, विधीत राहिली. राजाचं जितकं वय तितके पुरुष आणि तितक्याच बायका, असा हिशोब असतो.

आणि आता गंधक. ख्रिसमसच्या झाडावर जे चमचमतं लटकतं, टिन्सेल, त्याचं नाव जुन्या फ्रेंचमधल्या ठिणगी या अर्थाच्या शब्दावरून आलंय. आपण बेगड म्हणू. दक्षिण जर्मनीत, न्यूरेंबर्गच्या आसपास, तार ओढून ती चपटी करण्याचा मोठा धंदा होता, सोन्या-चांदीची जरतार आणि मुलामा दिलेली तांब्याची तार, मुख्यतः कपड्यांसाठी, आणि तीच झाडावर गेली. दिसायला सुंदर, पण चांदीचा पट्टा किती पातळ, शेजारी मेणबत्त्या जळतायत, शेगडीत कोळसा, कोळशात गंधक. काही दिवसांत काळं. म्हणून मग शिसं वापरायला लागले, ते जड असल्यामुळे फांदीवरून मस्त सरळ खाली लोंबायचं, फक्त ते विष आहे, आणि मुलं सगळं तोंडात घालतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिशाचं टिन्सेल बाजारातून गेलं. ॲल्युमिनियमचीही बेगड झाली, आणि शिशाची जागा शेवटी चमकणाऱ्या प्लास्टिकने घेतली. नेपोलियनच्या दरबारातला दागिन्याचा धातू झाडावरची बेगड झाला तो असा.

काही प्रथा मात्र सरळ दुकानदारांच्या आहेत, ते पण सांगायला हवं, मी त्याच धंद्यातला असलो तरी. लग्नाच्या २५ व्या वर्षी चांदी आणि ५० व्या वर्षी सोनं ही पद्धत जुनी, जर्मन प्रदेशातून आलेली. पण दरवर्षाला वेगळी वस्तू देणारी ती लांबलचक यादी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने काढली. महिन्यानुसार जन्मरत्नांची आजची यादीही अमेरिकन सराफांनीच १९१२ मध्ये ठरवली, त्याआधी प्रत्येकाची वेगवेगळी होती. हिऱ्याची अंगठी म्हटली की १४७७ सालचा ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन आणि बर्गंडीची मेरी यांचं नाव घेतात, ते ठीक आहे, पण राजघराण्यात एक अंगठी दिली म्हणून जगभर पद्धत पडत नाही. १९४७ मध्ये डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी "हिरा कायमचा असतो" ही जाहिरातीची ओळ फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी लिहिली, आणि खरा फरक त्यानंतर पडला. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आवडलं तर द्या, फक्त प्राचीन म्हणून देऊ नका.

अंगठीच्या शिरेचं आता. इजिप्तवाल्यांनी स्वतः असं लिहून ठेवलेलं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, जे आहे ते रोमन काळातलं. ऑलस गेलियस हा दुसऱ्या शतकातला लेखक सांगतो की इजिप्तमध्ये प्रेतं उघडताना करंगळीशेजारच्या बोटातून एक बारीक मज्जातंतू हृदयाकडे जाताना दिसला म्हणे. म्हणजे ऐकीव, तेही शिरेबद्दल नाही आणि लग्नाच्या अंगठीबद्दलही नाही, नुसतं अंगठी त्या बोटात का घालतात याबद्दल. शरीरशास्त्राने बघितलं तर पाचही बोटांचं रक्त हृदयालाच जातं, चौथ्याला स्पेशल लाईन नाही. आणि जर्मनी, रशिया, नॉर्वेमध्ये लोक लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात, त्यांचे संसार चाललेत. मला विचाराल तर कारण साधं आहे, डावा हात कमी वापरला जातो आणि ते बोट एकट्याने फारसं काम करत नाही, त्यामुळे अंगठी कमी घासते. दुरुस्तीला येणाऱ्या अंगठ्या बघा, उजव्या हाताच्या तर्जनीतल्या सगळ्यात आधी झिजून येतात.

बाकी रोमन वाङ्निश्चयाची अंगठी सुरुवातीला सोन्याची नव्हतीच. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहितो की अजूनही वधूला लोखंडाची अंगठी पाठवतात, खडा नसलेली. सोन्याची अंगठी घालायचा मान बराच काळ फक्त वरच्या वर्गाला होता.

प्लॅटिनम फॅड आहे का? नाही, पण जितकं जुनं सांगतात तितकं सरळही नाही. आजच्या कोलंबिया आणि इक्वाडोरच्या किनाऱ्यावरचे कारागीर स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधी प्लॅटिनमच्या वस्तू करायचे. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो, कारण प्लॅटिनम १७६८ अंशाला वितळतं आणि फुंकणीने तेवढी उष्णता येतच नाही, सोनं १०६४ ला वितळतं तेही नीट भाता लागतो. त्यांनी काय केलं, प्लॅटिनमचे बारीक कण आणि सोन्याची भुकटी एकत्र तापवली, सोनं वितळून कणांना धरून बसलं, मग ठोकलं, परत तापवलं, परत ठोकलं, होता होता एकजीव. म्हणजे प्लॅटिनम न वितळवता प्लॅटिनमचा दागिना. सोन्याला सोन्याच्याच बारीक रव्यांनी सजवायचं रवाकाम इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी अशाच डोक्याने केलं होतं, डाग न देता, म्हणजे जोडायला वेगळा सांधा न वितळवता, तांब्याचा क्षार आणि गोंद लावून, गोंदाचा कोळसा होतो, तो तांबं मोकळं करतो आणि जिथे रवा टेकलाय तेवढ्याच ठिकाणी सोनं आधी वितळतं. युरोपातल्या सोनारांना ही युक्ती परत कळायला १९३० चं दशक उजाडलं. मी स्वतः करायला गेलो तेव्हा पहिल्या अकरा वेळा रव्यांचा लगदा झाला, बाराव्या वेळी चार रवे बसले आणि मी दुकान बंद करून घरी गेलो.

स्पॅनिश लोकांनी मात्र प्लॅटिनमला प्लॅटिना म्हणजे "छोटी चांदी" असं हिणवलं, सोन्यात भेसळ करायला वापरतात म्हणून त्यांना ते नकोसं. जड तर सोन्याहूनही थोडं जास्त, वितळत नाही, करायचं काय. एकोणिसाव्या शतकात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीने ते वितळवता यायला लागलं आणि १९०० च्या सुमाराला दागिन्यात आलं, कारण त्याच्या अगदी बारीक तारांच्या पकडीत हिरा घट्ट बसतो आणि ते चांदीसारखं काळं पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते युद्धाच्या कामासाठी राखून ठेवलं, दागिन्याला बंदी, मग पांढरं सोनं आणि प्लॅटिनमच्याच कुळातला पॅलेडियम हा धातू पुढे आले. म्हणजे परत तेच, अंगठी राहिली, धातू बदलला.

पांढरं सोनं म्हणजे पिवळ्या सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम घालून रंग उतरवलेला, आणि वर बहुतेकदा रोडियम या चमकदार पांढऱ्या धातूचा मुलामा. रोज घातलं तर वर्ष-दोन वर्षांत मुलामा झिजतो आणि खालून किंचित पिवळट छटा दिसायला लागते, गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं, पण ते तसंच असतं, परत मुलामा देऊन मिळतो. निकेलने खाज येणारी माणसं पुष्कळ आहेत, युरोपात १९९४ मध्ये त्यावर नियमच केला, तेव्हा कातडी नाजूक असेल तर निकेल आहे का हे विचारून घ्या. आणि दुकानात ताटात प्लॅटिनम आणि पांढरं सोनं शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्याने मलाही पटकन ओळखू येत नाहीत, अंगठी फिरवून आतला आकडा बघा, ९५० असेल तर प्लॅटिनम, ७५० किंवा ५८५ असेल तर पांढरं सोनं. हातात घेतल्यावर जी जास्त जड लागेल ती बहुधा प्लॅटिनमची.